वहिनीचा नळ

१९ मे २०२५

चि. मयुरीस,

सप्रेम जयभीम.

फोन तू घेत नाहीस. माझा नंबरच तू बंद करून टाकला आहेस असे मोबाईलच्या दुकानातल्या पोराने सांगितले. म्हणून कागद घेतला. चोवीस वर्षे ग्रामपंचायतीत शिपाई आहे, दुसऱ्यांचे अर्ज लिहून लिहून हात बसला आहे, पण पोटच्या पोरीला पत्र पहिल्यांदाच लिहितो आहे. फाडायचे असेल तर वाचून फाड.

तुझी मोठमाय, माझी यशोदा वहिनी, अजून सेवाग्रामच्या दवाखान्यातच आहे. खुब्यात रॉड टाकला, पण ताप उतरत नाही, म्हणून सोडत नाहीत. कुशीवर वळवायलाही दोन माणसे लागतात. मी एक दिवसाआड जातो, जाम फाट्यावरून गाडी मिळाली तर. ती तुझेच विचारते. पोरगी जेवते का, पोरीचा पेपर कधी आहे.

तुझ्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या फीची तारीख वीस जून आहे हे माझ्या डोक्यात आहे. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत, तेही माहीत आहे. स्कॉलरशिप मंजूर आहे, पण आलेली नाही. कॉलेजचा बाबू म्हणतो, आधी तुम्ही भरा, सरकारकडून आली की तुम्हाला परत देऊ. ज्याच्याजवळ नाही म्हणून स्कॉलरशिप दिली, त्यानेच आधी भरायचे. असो. काहीतरी करीन.

आता ते बोलतो, ज्यासाठी तू रुसली आहेस. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालीस, "बाबा, तिचा नळ तुमी तोडला. ट्रकनं त बाकीचं केलं." इतक्या लोकांत म्हणालीस. मी काही बोललो नाही, कारण तू रडत होतीस. आता बोलतो.

आमचा पगार वसुलीवर चालतो. गावाने घरपट्टी, पाणीपट्टी भरली तर शिपायाच्या घरी चूल पेटते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. यंदा मार्च आला तरी वसुली निम्म्यावर. फेब्रुवारीपासून माझा पगार नाही. मग मासिक सभेत ठरले की थकबाकीदारांची नावे ऑटोवर भोंगा लावून वाचायची आणि नळ तोडायचे. मीच म्हटले, सुरुवात माझ्या घरापासून करा. उद्या कोणी म्हणायला नको की कवडूने आपल्या माणसांना वाचवले आणि आमचे तोडले. वहिनीचे दोन वर्षांचे थकले होते. मी स्वतः खड्डा खणला, पाइप सोडवला आणि बूच ठोकले. दुसऱ्याला करू दिले नाही. यात माझे काय चुकले, ते शांत डोक्याने लिहून कळव.

जेवत जा. उन्हाचे फिरू नकोस.

तुझा बाबा


३० मे २०२५

चि. मयुरी,

पत्राचे उत्तर आले नाही, पण तुझे अक्षर पाहायला मिळाले. काल सचिवाने टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, "वाच, कवडू. तुह्या पोरीनं आपल्या साऱ्याइले कामाले लावलं."

पंचायत समितीला अर्ज. विषय: विनानोटीस नळजोडणी तोडल्याबाबत व त्यामुळे झालेल्या अपघाताबाबत. अर्जदार: कु. मयुरी कवडूजी ताकसांडे. अर्ज मुद्देसूद लिहिला आहेस. कुठे एक शिवी नाही, रडगाणे नाही. मला एकीकडे राग आला आणि दुसरीकडे वाटले की असा अर्ज लिहिणारा माणूस आपल्या तालुक्यात दुसरा नाही. बापाविरुद्ध लिहिलास एवढेच.

पण पोरी, तू स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहेस. सचिव म्हणतो, चौकशी होईपर्यंत शिपायाचा पगार काढता येत नाही. फेब्रुवारी ते मे, चार महिन्यांचा आहे. तोच मी तुझ्या फीसाठी धरून ठेवला होता. तीन आठवडे उरले आहेत. अर्ज मागे घेतेस का? चौकशी पुढे कधीही मागता येईल. परीक्षा गेली तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेले तर त्या वर्षाची फी आणखी वेगळी.

अर्जात तू लिहिले आहेस की यादीत पहिले नाव पुंडलिकरावांच्या हायवेवरच्या हॉटेलचे होते. हे तुला कोणी सांगितले? खोटे नाही ते. एकट्या हॉटेलकडे साऱ्या वस्तीपेक्षा जास्त थकले आहे. पण भोंग्यावर वाचायला जी यादी माझ्या हातात आली, तिच्यात ते नाव नव्हते. 'प्रकरण अपिलात' म्हणून वेगळे ठेवले होते. अपील कुठे आहे ते मला माहीत नाही, मी शिपाई आहे, मी विचारले नाही. मी वाचले ते वहिनीपासून. माझ्याच आवाजात टेप केले होते, पैसे वाचावेत म्हणून. 'श्रीमती यशोदाबाई ताकसांडे, थकबाकी तीन हजार आठशे चाळीस.' ऑटो वस्तीतून तीन वेळा फिरला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तू मनात म्हणत असशील. म्हण. पण माझ्या घरून पाणी न्यायला तिला कोणी अडवले होते? वस्तीतली हापशी दोन वर्षे बंद आहे हे खरे, पण माझे घर काय कोसावर होते? तिने हायवे ओलांडून हॉटेलात कशाला जावे?

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. मी खड्डा खणत होतो तेव्हा तिने चहा आणून कट्ट्यावर ठेवला. म्हणाली, "भाऊजी, ऊन लय हाय. सावलीत बसून प्या, मंग करा." मी तो प्यायलो.

अर्जाचा विचार कर.

तुझा बाबा


८ जून २०२५

मयुरी,

तू अर्ज मागे घेतला नाहीस, उलट स्मरणपत्र दिलेस. ठीक आहे. हट्ट तुझ्यात कुठून आला ते मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आणि पुढे तुला ज्या बाईने वाढवले, तिने दीर, सासू, गाव कोणाचेच कधी ऐकले नाही.

मी दुसरा रस्ता काढायला गेलो होतो. म्हटले, हॉटेलचा कर आला तर गावाची वसुली एकदम वर जाते. मग पगार अडवायला सचिवाला तोंड राहत नाही, आणि तुझा अर्जही तसाच राहतो. म्हणून परवा दुपारी पावतीबुक घेऊन पुंडलिकरावांकडे गेलो. आपण होऊन. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

जाण्याआधी नमुना आठ काढून पाहिला. म्हणजे कोणाचे घर कसे आहे आणि त्यावर कर किती, हे लिहिलेले रजिस्टर. वहिनीचे घरकुल त्यात 'पक्के बांधकाम, स्लॅब' आहे. बरोबरच आहे, सरकारनेच बांधून दिले, दीड खोलीचे. आणि हॉटेल, ज्याला बारा खोल्या, लग्नाचा हॉल आणि लॉन आहे, ते 'टिनाचे शेड' आहे. हे रजिस्टर दर वर्षी मीच कपाटातून काढतो, मीच पुसतो, मीच ठेवतो. कधी उघडून वाचले नव्हते, असे मला लिहायचे होते. पण तू खोटे पकडशील. वाचले होते.

पुंडलिकरावांनी बसवले. चहा मागवला, समोसा मागवला. माणूस बोलायला वाईट नाही. मी म्हटले, मालक, थोडे तरी भरा, पोरीची फी अडली आहे. तो हसला. म्हणाला, "कवडू, कागदावर माहं शेड हाय. शेडवाल्याले तू महालाचा टॅक्स मांगून राह्यला? आन् तुह्या पोरीची फी माह्या टॅक्सात कुठून आली?" मी त्याला समजावले की कसे ते. पगार वसुलीवर, फी पगारावर. तो ऐकत होता, मोबाईल पाहत होता. मग म्हणाला, "हे त लयच लंबं हाय. तुले पाच हजार पायजे असन त घेऊन जाजो. टॅक्सचं नाव काढू नको."

म्हणजे कर देणार नाही, भीक देईल. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे पळसाचे रान होते. सरकारने रस्ता चौपदरी केला, त्याच्या जमिनीचे सोने झाले. टाकीतून लाइन निघते ती आधी हॉटेलला जाते, एक इंची, आणि वस्तीत शेवटच्या घराला धार लागता लागता माझी पंपाची मोटर बंद करायची वेळ होते. वस्तीतला माणूस रहिवासी दाखला मागायला आला की आम्ही आधी कराची पावती मागतो. हॉटेलवाल्याला दाखल्याची गरजच पडत नाही, म्हणून त्याला कोणी पावती मागतच नाही. ज्याला पंचायतीची गरज, त्याच्याकडूनच पंचायत वसूल करते. हे मी आजवर असे जोडून पाहिले नव्हते, की पाहायचे नव्हते, देव जाणे. देवबीव आपण मानत नाही, पण लिहिताना येते.

पाच हजार घेतले नाहीत. घ्यायचा मोह झाला होता.

निघताना लॉनच्या नळाशी वहिनीचा पाणी भरायचा गुंड दिसला. स्टीलचा, एका बाजूने पार दबलेला. तिथला वेटर म्हणाला, त्या बाईचा आहे, कोणी न्यायला आले नाही. ती एप्रिलभर पहाटे तिथे यायची, म्हणे, लॉनला पाणी सुरू असे तेव्हा भरून न्यायची, कोणी बोलत नव्हते. त्या दिवशी भरलेला गुंड डोक्यावर घेऊन परत निघाली होती, टिप्पर आला. गुंड घेऊन आलो. ते पाणी मीच सोडलेले होते, मयुरी. पहाटे चारला उठून मोटर मीच चालू करतो. आधी ते रस्त्याच्या त्या बाजूला जाते, ज्याने पैसा दिला नाही त्याच्याकडे, आणि तिथून ती डोक्यावर घेऊन रस्त्याच्या या बाजूला आणत होती.

पहिल्या पत्रात मी लिहिले, सुरुवात माझ्या घरापासून केली. ते खोटे आहे. माझे घर म्हणजे माझा नळ. पगार कधी वेळेवर होत नाही, म्हणून माझाही कर थकलेला होता, वहिनीपेक्षा सहाशेने जास्तच. माझा नळ मी तोडला नाही. यादीत माझे नाव होते, ते वाचले नाही. वहिनी भांडणार नाही, तक्रार करणार नाही, आणि घरचीच म्हणून न्याय केल्यासारखेही दिसेल. म्हणून ती.

बारा दिवस उरले आहेत.

बाबा


१८ जून २०२५

मयुरी,

काल कॉलेजात जाऊन तुझी फी भरली. पावती सोबत जोडली आहे, पाकीट आजच नागपूरला जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे. तू क्लासमध्ये होतीस, मी थांबलो नाही. फॉर्म दोन दिवसांत भरून टाक. बाबू म्हणाला, वीस तारखेनंतर लिंक बंद होते.

पैसा चोरीचा नाही आणि पुंडलिकरावांचाही नाही. माझाच पगार आहे, चार महिन्यांचा. सचिवाने पंचायतीच्या फंडातून काढून दिला. का दिला ते आज विचारू नकोस. आधी फॉर्म भर. फॉर्म भरलास की एका ओळीत कळव, नाहीतर हॉस्टेलच्या बाईंकडून फोन करव.

मोठमायचा ताप उतरला आहे.

बाबा


२१ जून २०२५

मयुरी,

काल संध्याकाळी हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला. फॉर्म भरला गेला, पावती निघाली. आता कोणी काही परत घेऊ शकत नाही. याच्यासाठीच थांबलो होतो. आता सगळे लिहितो, आणि हे पत्र जपून ठेव.

सोमवारी सचिवाने मला एक टाइप केलेला कागद दिला. वहिनीच्या नावाचा अर्ज, मार्चची तारीख टाकलेला. 'माझ्या नळाला गळती असल्याने दुरुस्तीसाठी जोडणी तात्पुरती बंद करावी.' खाली माझा जबाब, की अर्जदाराच्या विनंतीवरून मी जोडणी बंद केली. सचिव म्हणाला, "यशोदाबाईची निशानी आन, तुही सही कर, आन् चार महिन्यांचा पगार आजच घेऊन जा. मंग तुह्या पोरीचा अर्ज आपोआप मिटते." मी म्हटले, विचार करतो. त्याने कॅलेंडरकडे बोट दाखवले.

मी विचार केला नाही. सरळ गाडीत बसून सेवाग्रामला गेलो. गाडीत मी स्वतःला सांगत होतो की वहिनीला अशा कागदाने काय फरक पडतो. फरक पडतो. नळ बेकायदा तोडला हे सिद्ध झाले तर तिला नुकसानभरपाई मागता येईल, तिच्या पायाला तेवढाच आधार आहे. तिने मागितले असे झाले की सगळे तिच्याच माथी. हे मला कळत होते.

तिला कागद वाचून दाखवला. अर्धा वाचला आणि थांबलो. ती म्हणाली, पूर्ण वाचा. पूर्ण वाचला. मग तिने विचारले, "यानं पोरीची फी भरली जाईन?"

मी हो म्हटले.

"मंग आना. पोरगी नर्स झाली त मले उचलून बसवनारं घरात कोनी तरी राहीन."

मी पेन पुढे केला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "सही मले मयुरीनं शिकवली. ते खोट्या कागदावर नाई करत मी. अंगठा घ्या."

तू चौथीत होतीस तेव्हा पाटीवर तिचे नाव गिरवून घ्यायचीस, आठव. तेव्हापासून बँकेत, घरकुलाच्या कागदावर, रेशनवर, दवाखान्याच्या फॉर्मवरसुद्धा ती सही करते. मी नर्सबाईकडून शाईचे पॅड मागून आणले आणि तिचा अंगठा धरून उठवला. सचिवाने कागद पाहिला आणि फाइलला लावला. वस्तीतली म्हातारी म्हणजे अंगठाच असणार, हे त्याने धरूनच ठेवलेले. मी खाली सही केली. पगार घेतला. दुसऱ्या दिवशी नागपूरला तुझे कॉलेज.

अजून एक राहिले आहे आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. मी तुला विचारले होते, माझ्या घरून पाणी न्यायला तिला कोणी अडवले होते. मी अडवले होते. नळ तोडल्याच्या तिसऱ्या दिवशी ती गुंड घेऊन आली होती. समोरच्या घरचे पाहत होते. मी तिला दारातच म्हटले, वहिनी, लोक पाहून राह्यले, काही दिवस येऊ नका, नाहीतर बाकीचे म्हणतील, तोडले ते नाटक होते. ती रिकामा गुंड घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती हायवे ओलांडू लागली. तुला तिने हे सांगितले नसणार. कोणालाच सांगितले नाही.

आता नीट वाच. शुक्रवारी सत्तावीस तारखेला अकरा वाजता समुद्रपूरला पंचायत समितीत चौकशी आहे. तिथे तो अर्ज दाखवतील. तू मोठमायचे बँकेचे पासबुक आणि घरकुलाचे कागद ने. ते तिच्या पेटीत आहेत, किल्ली तुझ्याकडे आहे. सगळीकडे सही आणि या एकाच कागदावर अंगठा, हे साहेबापुढे ठेव. दवाखान्याच्या फॉर्मची झेरॉक्स मी काढून यासोबत पाठवतो आहे. आणि नमुना आठची नक्कल माहितीच्या अधिकारात माग, दहाव्या पानावर हॉटेल आहे.

मी खरे बोलायचे ठरवले आहे. पण माझ्या ठरवण्यावर तू विसंबू नकोस. मी ठरवून ठरवून काय काय केले ते वर लिहिलेच आहे. समोर सचिव असेल, पुंडलिकराव बाहेर गाडीत बसलेला असेल, कोणीतरी "काय कवडू" म्हणेल आणि माझी मान हलेल. मला ते दिसते आहे. मला माझीच भीती वाटते, पोरी. घरात बसवत नाही, मोटर सुरू करून पंपाशीच बसून राहतो.

म्हणून तू ये. हे पत्र घेऊन ये. मी गप्प बसलो तर माझ्या तोंडावर मोठ्याने वाच, दारात वहिनीला परत पाठवले तेसुद्धा. नोकरी जाईल. खोटा जबाब दिला म्हणून आणखीही काही होईल. होऊ दे. फी परत करायला जाऊ नकोस, तो माझ्या चार महिन्यांच्या मोटरीचा पैसा आहे आणि ती फी त्या बाईने तुझ्यासाठी भरली आहे. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मला फक्त त्या खोलीत तू समोर हवी आहेस.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिले असून ते खरे आहे.

कवडू तानबाजी ताकसांडे
शिपाई, ग्रामपंचायत